व्यावसायिकाचे संकेतस्थळ आखताना: सुरुवात फोनच्या वहीपासून

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळमिलचे मालक असोत, नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी असोत किंवा सावदा-फैजपूरकडील केळी वेफर्सचे उत्पादक असोत, संकेतस्थळाचे काम देताना पहिल्या भेटीत बहुतेकांचे वाक्य एकच असते: "आपली वेबसाइट चांगली दिसली पाहिजे." ही अपेक्षा रास्त आहे, परंतु ती कोणाला चांगली दिसावी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या वेळी, हे त्या वाक्यात आलेले नसते. काम घेणारा मग तीन-चार तयार नमुने दाखवतो, मालक त्यातला एक रंग पसंत करतात, मजकूर "नंतर देतो" असे ठरते, आणि दोन महिन्यांनी जे उभे राहते ते कोणत्याही गावाच्या कोणत्याही धंद्याला चालेल असे असते. ते दिसायला वाईट नसते, पण त्याच्यामुळे एकही नवा फोन येत नाही.

संकेतस्थळाचे नियोजन संगणकावर सुरू होत नाही, ते मालकाच्या फोनशेजारी सुरू होते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच मतावर उभ्या आहेत. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. या लेखात काम देणाऱ्याला 'मालक' आणि त्याच्याकडे माल घ्यायला येणाऱ्याला 'गिऱ्हाईक' म्हटले आहे. दोघांनाही 'ग्राहक' म्हणण्याची सवय असल्यामुळे संकेतस्थळ नेमके कोणासाठी करायचे, यातच पुष्कळदा घोळ होतो. पैसे मालक देत असल्याने मालकाला आवडेल ते केले जाते आणि गिऱ्हाईक बाजूला राहते.

फोनशेजारी एक दिवस

रावेर तालुक्यातील केळीच्या ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांच्या एका रोपवाटिकेचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी मालकांना नमुने दाखवण्याऐवजी एक दिवस कार्यालयात बसू देण्याची विनंती केली. दिवस मार्चचे होते, म्हणजे जून-जुलैमध्ये लावायच्या मृगबागेच्या नोंदणीचे. शेडनेटला लागून असलेल्या खोलीत एक टेबल, पावतीपुस्तक, भिंतीवर कॅलेंडर आणि टेबलावर दोन मोबाइल. समोर बसलेले कारकून सकाळपासून एका हाताने फोन घेत होते आणि दुसऱ्या हाताने लिहीत होते. मी शेजारी वही घेऊन बसलो आणि पलीकडचा माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवत गेलो.

"भाऊ, जी नाईन जातीची रोपं आहेत का? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाहिजे. पाच एकर आहे, रोपं किती लागतील?"

"अंतर किती ठेवता दादा?"

"पाच बाय पाच."

"मग एकरी सतराशे बेचाळीस धरा. पाच एकराला आठ हजार सातशे दहा झाली. मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायला वर थोडी जास्त घ्या."

लगेच पुढचा फोन: "मागच्या साली हरण्यानं उभी बाग उपटावी लागली. तुमच्या रोपांची तपासणी झालेली असते ना?" त्याच्या पुढचा: "गाडी बांधापर्यंत येते, का डांबरी रस्त्यावर उतरवून घ्यायची?" संध्याकाळपर्यंत वहीची पाने भरली होती, पण प्रश्न मोजकेच होते आणि तेच पुन्हा पुन्हा येत होते. रोपे कोणत्या तारखेला मिळतील, दर काय आणि त्यात वाहतूक धरली आहे का, माझ्या क्षेत्राला किती लागतील, रोपे रोगमुक्त आहेत याचा पुरावा काय, मेलेल्या रोपांच्या बदल्यात रोपे देता का, आगाऊ रक्कम किती, आणि जागेवर येऊन पाहता येईल का.

मालकांनी मला दिलेल्या छापील माहितीपत्रकात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यात होते ते अत्याधुनिक तंत्रज्ञान, गुणवत्तेची परंपरा, विश्वासार्ह सेवा आणि उद्घाटनाच्या समारंभाचे छायाचित्र. माहितीपत्रकात 'विषाणूमुक्त प्रमाणित रोपे' असा शब्दप्रयोग होता, तर फोनवरचा शेतकरी 'हरण्या' म्हणत होता. काकडीवरील मोझॅक विषाणूमुळे केळीला होणाऱ्या या रोगाला आपल्याकडे तेच नाव आहे, आणि शोधताना माणूस तोच शब्द टाकतो. वहीत शब्द जसेच्या तसे उतरवायचे ते याचसाठी. आपण ते सुधारून शुद्ध करून लिहिले, तर गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द हातचा जातो.

दिवस संपल्यावर वहीतील प्रश्नांची तीन भागांत वाटणी करावी. ज्यांचे उत्तर वर्षभर तेच राहते, असे प्रश्न पहिल्या भागात जातात. लागवडीचे अंतर, तपासणीची पद्धत, पत्ता, बदली रोपांचा नियम हे त्यात येतात आणि ते संकेतस्थळावर कायमचे लिहून टाकता येतात. ज्यांचे उत्तर आठवड्याला किंवा महिन्याला बदलते, असे प्रश्न दुसऱ्या भागात जातात; दर, उपलब्ध तारीख आणि शिल्लक रोपे यांसाठी अशी जागा ठेवावी लागते, जिथे कारकून स्वतः आकडा बदलू शकतील. तिसऱ्या भागात माणसागणिक उत्तर बदलणारे प्रश्न राहतात, म्हणजे जमीन कशी आहे, गाडी कुठवर येईल, उधारी चालेल का. यांचे उत्तर संकेतस्थळाने देण्याचा प्रयत्नच करू नये, तिथे फोनचे बटण द्यावे. संकेतस्थळाचा सांगाडा म्हणजे ही वाटणी. किती पाने करावीत, मुखपृष्ठावर काय यावे, कशाला सोपे संपादन हवे, हे वाद त्यानंतर फारसे उरत नाहीत.

धंदा बदलला की वही बदलते. सराफी पेढीत विचारणा आजचा भाव, घडणावळ आणि हॉलमार्क यांची असते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक झाल्यापासून तो कुठे पाहायचा, हेही लोक विचारतात. डाळमिलचे गिऱ्हाईक घरगुती नसतेच, ते व्यापारी किंवा दलाल असते; त्याला पोत्याचे वजन, प्रत आणि माल कधी निघेल हे हवे असते, आणि गृहिणीचे हसरे चित्र त्याच्या कामाचे नसते. म्हणून एका डाळमिलचे संकेतस्थळ पाहून दुसऱ्या धंद्याचे आखू नये.

कामाची लेखी बोली

वही झाल्यावर मालकांशी दुसरी बैठक करावी आणि तीत सर्वांत आधी हेतूचे एकच वाक्य लिहून घ्यावे. रोपवाटिकेसाठी ते वाक्य असे ठरले: 'शेतकऱ्याला तारीख, दर आणि तपासणीची माहिती फोन न करता मिळावी आणि नोंदणी करायची असेल तेव्हाच त्याने फोन करावा.' पुढे कोणतीही नवी कल्पना निघाली, की ती या वाक्याशी ताडून पाहता येते. सरकत्या चित्रांची पट्टी या वाक्याला काही देत नाही, म्हणून ती नको, असे मालकांना सांगणे सोपे जाते, कारण ते वाक्य त्यांचेच असते.

त्यानंतर व्यवहाराची बोली कागदावर करावी. पाने किती, मजकूर कोण लिहिणार, छायाचित्रे कोण काढणार, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या, पैसे कोणत्या टप्प्यांवर, वर्षाची देखभाल किती आणि तीत नेमके काय येते, हे सर्व लिहिलेले असावे. आपल्याकडे ओळखीत काम होते आणि "आपलेच आहात, कागद कशाला" असे म्हटले जाते. खरे तर ओळख टिकवायची असेल तर कागद हवाच. दुरुस्तीच्या आठव्या फेरीला दोघांच्याही मनात जी कटुता येते, ती दोन ओळींच्या कागदाने टळते.

या कागदातील सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे संकेतस्थळाचे नाव मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या पैशाने नोंदवले जाईल. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याकडे मी गेलो, तेव्हा त्यांच्या पिशव्यांवर, पावत्यांवर आणि दुकानाच्या पाटीवर जे नाव छापलेले होते ते संकेतस्थळ उघडतच नव्हते. आधी काम केलेल्या माणसाने नाव स्वतःच्या खात्यात नोंदवले होते, त्याने तो व्यवसाय सोडला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर गेली आणि नाव सुटले. छापील पिशव्यांचा ढीग मला दाखवताना त्या व्यापाऱ्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरलेलो नाही. लबाडी कोणाचीच नव्हती, तरी नुकसान पूर्ण झाले. म्हणून नोंदणी करताना मालकांना शेजारी बसवावे, त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांनाच टाकू द्यावा आणि नूतनीकरणाची तारीख त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी.

नावाबाबत माझा सल्ला साधा आहे. फोनवर एकदा सांगितले की समोरच्याला टाइप करता आले पाहिजे. डॉट कॉम किंवा डॉट इन पुरेसे आहे. देवनागरीत डॉट भारत हे नाव २०१४ पासून मिळते आणि ते जोडीला घ्यायला हरकत नाही, परंतु मुख्य नाव म्हणून अजून रोमन अक्षरांतलेच ठेवावे, कारण पुष्कळ माणसे मोबाइलवर पत्ता टाकताना कळफलक मराठीत बदलत नाहीत.

वेळापत्रक धंद्याच्या हंगामावर बांधावे. नंदुरबारला लाल मिरचीची आवक जोरात असताना व्यापाऱ्याला मजकूर तपासायला सांगणे, किंवा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात सराफाकडे छायाचित्रे मागणे, हे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे आणि कामही रखडवणारे आहे. मृगबागेची नोंदणी फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होत असेल तर संकेतस्थळ जानेवारीत उभे हवे, म्हणजे मजकुराचे काम दिवाळीनंतर लगेच धरायला हवे.

मजकूर आधी, मांडणी नंतर

मालक मजकूर देतील अशी वाट पाहू नये. त्यांच्याकडे द्यायला उत्तरे असतात, मजकूर नसतो. वहीतील पहिल्या भागाचे प्रश्न त्यांना एकेक करून विचारावेत, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि त्यांच्या बोलण्यातूनच परिच्छेद लिहून काढावेत. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. "असं आम्ही बोलत नाही" असे त्यांनी म्हटले, की ते वाक्य बदलावे.

जुन्या माहितीपत्रकाचा मजकूर मुद्रणालयाकडून मिळाला, तर एक अडचण हमखास येते. छपाईसाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) अक्षरे देवनागरी दिसतात, पण आतून ती रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. संकेतस्थळावर तो मजकूर चिकटवला, की नुसती अगम्य चिन्हे दिसतात. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणावा आणि नंतर ओळ न् ओळ डोळ्यांनी तपासावी, कारण परिवर्तनात रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा हमखास चुकतात. मजकूर चित्राच्या रूपाने टाकण्याचा सोपा मार्ग मात्र कधीही घेऊ नये. चित्रातला शब्द शोधयंत्राला सहज सापडत नाही, दृष्टिहीन माणसाच्या वाचकयंत्राला वाचता येत नाही, आणि मालकाला बदलता येत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका कामात दरपत्रक चित्र म्हणून लावले होते. दर वाढले, चित्र कोणाला बदलता आले नाही, आणि जुना दर दाखवून गिऱ्हाइके पूर्ण हंगामभर कारकुनाशी वाद घालत राहिली. त्या चुकीनंतर बदलणारा कोणताही आकडा मी चित्रात टाकलेला नाही.

भाषेचा निर्णय गिऱ्हाइकावर सोडावा. रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर आहे आणि तिथला केळी उत्पादक हिंदीत वाचतो, म्हणून रोपवाटिकेला मराठीबरोबर हिंदी पाने हवी होती. इंग्रजीची गरज नव्हती. नवापूरच्या व्यापाऱ्याची सीमा गुजरातला लागून आहे, तिथे गुजरातीचा विचार करावा लागेल. उलट निर्यात करणाऱ्याचे पहिले पान इंग्रजीत असणेच योग्य आहे. आपसांत आपण अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलत असलो, तरी व्यवहाराचा मजकूर प्रमाण मराठीत ठेवावा आणि मालाची, रोगाची, प्रतींची नावे मात्र बोलीतलीच ठेवावीत. दोन भाषा ठेवल्या तर दर दोन्हीकडे एकाच जागेवरून येईल अशी सोय करावी. नाही तर एका पानावर नवा दर आणि दुसऱ्यावर जुना, असे होते.

छायाचित्रे विकत घेऊ नयेत. परदेशी शेतातील हसरा शेतकरी आपल्या गिऱ्हाइकाला एका नजरेत ओळखू येतो आणि बाकीच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो. सकाळी नऊच्या आधीच्या उन्हात साध्या मोबाइलने काढलेले शेडनेटमधील रोपांचे चित्र अधिक मोलाचे आहे. शक्य तिथे वस्तूचे माप कळेल असे काहीतरी चौकटीत असावे. रोपाशेजारी मोजपट्टी, पाइपाशेजारी हात, वेफर्सच्या पाकिटाशेजारी वाटी.

कागदावरचा आराखडा

आता कुठे आराखडा काढायचा, आणि तोही कागदावर. कोऱ्या कागदावर मोबाइलच्या आकाराची उभी चौकट काढावी. मोठ्या पडद्याचा विचार नंतर करावा. शेतकरी, किरकोळ दुकानदार, दलाल या सर्वांचा संगणक खिशातच असतो, आणि गूगलही क्रमवारीसाठी आता पानाचे मोबाइलवरील रूपच पाहते. चौकटीत सर्वांत वर धंद्याचे नाव आणि गाव, त्याखाली काय मिळते हे एका ओळीत, त्याखाली हंगामाची तारीख आणि दर, आणि अंगठा जिथे सहज पोहोचतो त्या तळाशी कायम दिसणारी फोन व व्हॉट्सअ‍ॅपची बटणे. पडदा न सरकवता एवढे दिसले पाहिजे.

फोन नंबर केवळ लिहून चालत नाही, तो दाबल्यावर लागला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यात देशाचा ९१ हा क्रमांक जोडावा आणि 'मला इतक्या एकरासाठी रोपे हवी आहेत' असा तयार मजकूर घालून ठेवावा, म्हणजे गिऱ्हाइकाला फक्त आकडा भरायचा राहतो. लांबलचक अर्ज टाळावेत. नाव, गाव, फोन आणि क्षेत्र यांपलीकडे काही विचारायचे असेल तर ते फोनवर विचारता येते.

रोपवाटिकेच्या आराखड्यात एक लहानसे गणकयंत्र आले, आणि ते वहीतूनच आले. एकर आणि अंतर टाकले की रोपांची संख्या दिसते. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. पाच बाय पाच फुटांवर एका रोपाला २५ चौरस फूट जागा जाते, म्हणून १,७४२ रोपे. सहा बाय पाचवर १,४५२. कारकून दिवसातून कितीतरी वेळा तोंडी करत असलेला हिशेब पानावर गेला आणि त्याचा निकाल थेट व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात जाऊ लागला. असा एखादा हिशेब जवळपास प्रत्येक धंद्यात असतो. ठिबकच्या विक्रेत्याला नळीची लांबी, फरशीच्या दुकानाला चौरस फूट, कापडाच्या दुकानाला मीटर. तो सापडला तर संकेतस्थळ गिऱ्हाइकाच्या कामाचे होते आणि तो पुन्हा येतो.

मालकांचे छायाचित्र, संस्थापकांचा परिचय, मिळालेली प्रमाणपत्रे यांना जागा नाही असे नाही. खान्देशात व्यवहार माणूस पाहून होतो, आणि 'हे कोणाचे' हा प्रश्न दराइतकाच खरा आहे. तो परिचय वेगळ्या पानावर द्यावा, त्यात केव्हापासून, कुठे, घरातील कोण काय पाहते, हे साध्या वाक्यांत लिहावे, आणि प्रमाणपत्र दाखवायचे तर वाचता येईल एवढे मोठे दाखवावे. जे प्रमाणपत्र नाही, त्याचा उल्लेख मालकांनी आग्रह केला तरी करू नये.

कागदाचा आराखडा मालकांच्या आधी कारकुनाला दाखवावा. "वाहतूक कुठे लिहिली?" असे ते विचारतील, आणि तेच उणे असते.

अक्षर, रंग आणि ऊन

देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून इंग्रजीच्या सवयीने ओळींतील अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून अधिक, माझ्या पसंतीने १.७ पट, ठेवावी आणि मजकुराचे अक्षर मोबाइलवर १७-१८ पिक्सेलपेक्षा लहान करू नये. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे टंक विनामूल्य आहेत आणि पडद्यावर स्वच्छ उमटतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण अवश्य घालावी. ज्या टंकांत सोय आहे त्यांत त्या खुणेमुळे 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे येतात, नाही तर हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. फार थोड्यांना हे कळते, पण ज्याला कळते त्याला ते पान आपल्या घरचे वाटते. मजकुरासाठी ठळक आणि साधा, असे दोनच जाडीचे प्रकार घ्यावेत. देवनागरी टंकांच्या फाइली जड असतात.

रंगाची परीक्षा खोलीत होत नाही. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि त्या उन्हात बांधावर उभ्या माणसाच्या मोबाइलवर फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसतच नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, हा आंतरराष्ट्रीय सुलभता मानकांतील नियम दृष्टिदोष असणाऱ्यांसाठी आहे, पण आपल्या उन्हाळ्यात तो सर्वांनाच लागू पडतो. मालकांच्या फ्लेक्सवर लाल-पिवळा-निळा असे तिन्ही रंग गडद असतील, तर त्यांपैकी एक बटणांसाठी ठेवावा आणि बाकीचे चिन्हापुरते राहू द्यावेत. बटणे बोटाला सापडतील एवढी, म्हणजे उंचीला ४८ पिक्सेलच्या आसपास असावीत.

वेगाचेही तसेच. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नेटवर्क कधी दोन रेघा, कधी एकही नाही, असे असते. मोबाइलने काढलेले मूळ छायाचित्र चार-पाच एमबीचे असते. ते वेबपी या हलक्या चित्रप्रकारात आणून दीड-दोनशे केबीच्या आत बसवावे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलची कसोटी आहे. ती कार्यालयाच्या वायफायवर तपासून उपयोग नाही. कारकुनाचा जुना मोबाइल घेऊन शेतात जावे आणि तिथे उघडून पाहावे.

कायद्याने लिहावयाच्या गोष्टी

संकेतस्थळ माहितीपुरते असले तरी नोंदणीकृत नाव, पूर्ण पत्ता आणि जीएसटी क्रमांक लिहिणे चांगले. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा अंकी परवाना क्रमांक, रोपवाटिका असेल तर तिचा परवाना क्रमांक द्यावा. संकेतस्थळावरूनच विक्री होणार असेल तर २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम लागू होतात: तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. पाकीटबंद मालाची कमाल किंमत, निव्वळ वजन आणि उत्पादकाचे नाव पानावरही दिसले पाहिजे. माल परत घेण्याचा नियम स्पष्ट मराठीत लिहावा. दुसऱ्या संकेतस्थळावरून उचललेला इंग्रजी मसुदा मालकांनी स्वतःही वाचलेला नसतो, आणि भांडणाच्या दिवशी तोच त्यांच्यावर बंधनकारक ठरतो.

लहान धंद्याने पहिल्याच वर्षी ऑनलाइन पैसे स्वीकारण्याच्या मागे लागू नये, असे मी सांगतो. हजारो रोपांची नोंदणी शेतकरी बोलल्याशिवाय करत नाही. वेफर्सच्या उत्पादकाची गोष्ट वेगळी; पुण्या-मुंबईत राहणारा खान्देशी माणूस दोन पाकिटे घरबसल्या मागवतो, तिथे ती सोय हवीच.

सोपवण्याचा दिवस

काम सोपवताना संकेतस्थळाच्या नावाचे खाते, होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ जिथे साठवलेले असते त्या सेवेचे, खाते आणि संपादनाचे खाते या तिन्हींचे तपशील मालकांच्या ताब्यात द्यावेत, पासवर्ड त्यांच्याकडून बदलून घ्यावेत. संपूर्ण प्रत आठवड्यातून एकदा आपोआप वेगळ्या जागी साठेल असे करावे आणि ती प्रत परत उभी करून एकदा दाखवावी, कारण न तपासलेल्या प्रतीवर भिस्त ठेवता येत नाही. पत्त्याची सुरुवात एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, होते ना ते पाहावे. गूगलच्या नकाशावरील व्यवसायाची नोंद आणि संकेतस्थळ यांवर नाव, पत्ता, फोन अक्षरशः एकसारखे असावेत. संकेतस्थळ शोधात कसे दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मालकांच्या खात्याने नोंद करावी.

प्रशिक्षण कारकुनाला द्यावे, मालकांना नव्हे. रोपवाटिकेच्या कारकुनांना मी एवढेच शिकवले: तारीख बदलणे, दर बदलणे आणि 'नोंदणी पूर्ण' अशी पट्टी लावणे. पायऱ्या कागदावर मराठीत लिहून तो कागद कॅलेंडरशेजारी लावला, आणि माझ्यासमोर त्यांनी तीन वेळा स्वतः बदल करून पाहिल्यावरच मी उठलो.

मग पुढच्या हंगामात पुन्हा वही घेऊन फोनशेजारी बसावे. मी बसलो तेव्हा 'किती रोपं लागतील' हा प्रश्न क्वचित येत होता. लोक आकडा सांगूनच बोलायला सुरुवात करत होते. पण एक नवा प्रश्न आला होता, जो पहिल्या वहीत नव्हता: "फोटोतलं रोप केवढं आहे भाऊ? पानं किती?" छायाचित्र जवळून काढले होते, त्यामुळे रोप होते त्याहून मोठे वाटत होते आणि दोघांनी गाडी उतरवताना तशी कुरबूर केली होती. त्याच दुपारी शेडनेटमध्ये जाऊन लाकडी मोजपट्टी शेजारी धरून रोपाचे नवे छायाचित्र काढले, आणि त्याखाली पानांची संख्या लिहिली.